बेचिराख

तोगरहळ्ळी बुद्रुक, तालुका अक्कलकोट.
कागदावर तोगराळ, तोंडात अजून हळ्ळी.
एसटी फाट्यापर्यंत. पुढं तीन किलोमीटर काळी माती,
फेब्रुवारीत तिला अशा भेगा पडतात
की माझ्या चपलेचा अंगठा एकदा आत गेला तो गेलाच.

उत्तरेला ओढा, म्हणजे ओढ्याची जागा.
पूर्वेला दस्तगीर मुल्लाचं खळं. तिथं उभं राहिलं
की फोन किणकिणतो: कर्नाटकात आपले स्वागत आहे.
दस्तगीर म्हणतो, गुरुजी, दिवसातनं चारदा
स्वागत होतंय माझं. जेवायला कुणी बोलवत न्हाई.

घरं एकसष्ट. गेरूनं मीच आकडे टाकले दारांवर.
तेविसाव्या दारात नीलव्वा म्हणाली,
जरा वर काढा आकडा, खालचं शेरडू चाटतंय.
मातृभाषेपाशी ती थांबली.
भांडताना कन्नड. हिशेबाला मराठी.
बैलाशी बोलते ती तुमच्याकडं असंल तर ती लिहा.
मी कन्नड लिहिलं. बैलानं मान हलवली,
माशांमुळं असेल.

माणसं तीनशे बारा.
त्यातली अठ्ठावीस रोज माझ्यासमोर बसतात,
पाढे मराठीत म्हणतात
आणि चुकले की कन्नडमध्ये हसतात.

बुद्रुक म्हणजे मोठं. एवढ्याशा गावाला
मोठं कशापायी, हे विचारायचं राहूनच गेलं होतं.
तहसीलच्या यादीत खाली आणखी एक ओळ निघाली:
तोगराळ खुर्द. बेचिराख.
रकाना कोरा सोडू नये, शून्य लिहावे.

शून्य लिहायलाही जाऊन यावं, असं वाटलं.
रेवणसिद्ध कोतवाल पुढं, शाळूच्या ताटांतनं,
कणसं आमच्या कानाला लागत होती.
प्लेगच्या साली उठलं, तो मागं न बघता सांगत होता.
आधी उंदीर पडले, मग सुताराचं घर.
मग लोकांनी चौकटी उपटल्या, डोक्यावर घेतल्या
आणि मैलभर मावळतीला आणून उभ्या केल्या.
दारं आधी आली, भिंती मागनं.
म्हणून आमच्याकडं कुठल्याच दाराला
भिंत नीट बसत नाही.
मी इतकी वर्षं गवंड्याला नावं ठेवत होतो.

तिथं एक आड आहे, तोंडाशी बोराटी.
जात्याची वरची तळी. खालची कुणीतरी नेली.
आडाच्या काठावर एक पणती,
तेल वाळून चिकट झालेलं, वातीला मुंग्या.
येळवशीला ठेवतो, कोतवाल म्हणाला,
रानात आंबील शिंपडून झालं की.
कुणासाठी?
त्यानं खिशातली शेंग काढली, फोडली,
एक दाणा मला दिला.
आडाला अंधारात कमी दिसतंय, म्हणाला.

परत येताना तो शब्द मी तोंडात फिरवत होतो.
बेचिराख. मला तो आगीचा वाटायचा.
दिव्याचा निघाला.

रात्री कंदिलाशी बेरीज करत होतो (वीज गेलेली,
ती सोमवारी जातेच), तेव्हा एक्केचाळीस नंबरचा
मल्लिनाथ आला, सोलापूरच्या टॉवेल कारखान्यातनं,
दोन दिवसांच्या रजेवर, भुवयांवर कापसाचा भुरा.
मला धरलं का, गुरुजी?
तिकडं कुणी मोजलं का तुला?
एक बाई येऊन गेली. खोलीत आम्ही नऊ जण,
तिनं दहा लिहिले, एक जण रात्रपाळीला होता.
मग इथं नाही धरता येत. एक माणूस एकदाच.

तो माझ्या उंबऱ्यावर बसला, पाठ चौकटीला.
जुनं सागवान, कडेला कुदळीचा एक घाव.
राहू द्या, म्हणाला. उरलोच कुठं तर
खुर्दात टाका मला.
आम्ही दोघंही हसलो.
नंतर मी खोडरबर शोधला.
शून्य पेनानं लिहिलेलं होतं.